भुआची ओटी

फोन आला तेव्हा इचरज भेंड्या पुसत होती. नंबर अनोळखी होता, आवाज मात्र ओळखीचा. "बाई," पलीकडून जुगल म्हणाला, आणि एवढंच म्हणून थांबला. मारवाडात घरच्या मुलीला बाई म्हणतात, आणि तिला बाई म्हणणारी माणसं जगात तीनच होती. आई गेली, बापूजी गेले, आणि हा तिसरा, धाकटा भाऊ, नदीपलीकडे कोलकात्यात राहून आठ वर्षं तोंड शिवून बसला होता. हावड्याहून त्याच्या घरी जायला तास लागतो. आठ वर्षांत त्याला तो तास मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही मिळाला नाही. हातातली भेंडी तिने पुन्हा पुसली, मग तिसऱ्यांदा पुसली. "हरूचं जडूला आहे," जुगल म्हणाला. हरू म्हणजे त्याचा मुलगा, तिने अजून न पाहिलेला; जडूला म्हणजे पोराचं पहिलं मुंडण. "आखातीजेला, गावी, मातेच्या थानावर. तू लागशील." ये म्हणाला नाही. लागशील म्हणाला. मिस्त्रीला पाना लागतो, तशी. तरी ती "बरं" म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आपण इतक्या लगेच बरं म्हणालो याचा तिला भयंकर राग आला.

नवरा गिरधारी पेपराआडून म्हणाला, "जा की. मोठ्यांचा राग पोराच्या डोक्यावर कशाला?"

"राग कुणाला आलाय?"

"भेंड्यांना. आणि तिथे सही मागितली तर?"

"वाचून करीन," ती म्हणाली. आठ वर्षांपूर्वी सगळं बिघडलं होतं ते याच दोन शब्दांनी. बापूजींच्या बाराव्याला जुगलच्या दिवाणखान्यात पांढऱ्या चादरींवर सगळे काका-मामा बसले होते. पगडीचा विधी झाला आणि ताटात घालून एक ओढणी, मिठाईचा पुडा आणि हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे सरकवण्यात आला. काकांनी पेनाचं टोपणसुद्धा आधीच काढून ठेवलं होतं. सगळ्या बहिणी करतात. गावाकडच्या त्या वाळूत आहे काय, चार बोरी आणि दोन सरडे. ओढणी घ्यायची, सही करायची, आणि माहेर जन्मभर उघडं. ती सही करणारच होती. पण चष्मा घरी राहिला होता, समोरच्या ओळी मुंग्यांसारख्या दिसत होत्या, आणि पंधरा वर्षं शाळेत पोरींना गणित शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "उद्या वाचून करते." बस. काकांनी टोपण लावलं. जुगल उठून गॅलरीत गेला. बहीण वाचते म्हणजे बहीण मोजते, आणि बहीण मोजते म्हणजे बहीण मागते, असा हिशेब तिथे बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या मनाशी केला. दुसऱ्या दिवशी ती चष्मा घेऊन गेली तर दार भावजयीने उघडलं आणि उंबऱ्यातच सांगितलं की ते झोपलेत. तीही मग परतली ती परतलीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तिचा स्वभाव. एकदा वाटलं होतं राखी पाठवावी. मग वाटलं, का म्हणून?

आता निघताना तिने पर्समध्ये दोन चष्मे टाकले. एक फुटला तर दुसरा असावा. तो कागद यावेळी पुन्हा पुढे येणार याची तिला खात्री होती. नाहीतर आठ वर्षांनी पाझर फुटायला काय झालं? गाडीत वरच्या बर्थवर पडल्या पडल्या ती उत्तरं तयार करत राहिली. तिला एकटीला रेल्वेचं तिकीट पाठवून ते तिघे विमानाने गेले होते. एक उत्तर अगदी थंड होतं: दे इकडे, चष्मा आणलाय. एक जहरी होतं: ओढणी कुठाय, फुकट सही कोण करतं? आणि सगळ्या उत्तरांच्या खाली एक होतं, ज्याची तिला स्वतःचीच लाज वाटत होती. ते असं की जुगलने नुसतं म्हणावं, बाई, चुकलं. मग ती कागद न वाचता, डोळे मिटून, जिथे म्हणेल तिथे सही करील. माहेर हवं होतं तिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी, केस पिकल्यावर, कुणाला सांगायचीही चोरी. जमीन गेली खड्ड्यात, तिला तिच्या भावाची बहीण व्हायचं होतं.

जोधपूरच्या स्टेशनबाहेर जुगल उभा होता. टक्कल पडलं होतं. तिच्या मनातल्या सगळ्या भांडणांत तो केसांसकट होता, त्यामुळे पहिला क्षण तिला कुणा परक्याशी भांडायला आल्यासारखं वाटलं. तो वाकला, पण पायांपर्यंत हात पोचायच्या आतच सरळ झाला. गाडीत मागे रेणू बसली होती, मांडीवर मूल. साडेतीन वर्षांचा हरू. जन्मापासून कात्री लागली नव्हती म्हणून पाठीवर दोन वेण्या, रबरबँड लावलेल्या, कपाळावर काजळाची तीट. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं पोर. त्याने इचरजकडे टक लावून पाहिलं आणि आईला विचारलं, "ही कोण?" रेणू म्हणाली, "ही... लाडू देते का बघ ती तुला." भुआ आहे म्हणायला हरकत नव्हती. बापाच्या बहिणीला भुआ म्हणतात हे साडेतीन वर्षांच्या मुलाला कळतं. पण रेणूने शब्द तोंडातच फिरवून गिळला, आणि मग पिशवीतून एक केशरी ओढणी काढून इचरजच्या मांडीवर ठेवली. "ऊन लागेल, बाईसा. तोंडावरून घ्या." नणंदेला म्हणायचं ते बाईसा तिने अर्धवट पुटपुटलं. नायलॉनची, बाजारू, किंमतीचा कागदही तसाच. तरी आठ वर्षांनी माहेरातून आलेली पहिली ओढणी होती ती. इचरजने तिची घडी मोडली नाही, हातानेच दोनदा सारखी केली, आणि स्वतःच्या मूर्खपणाला मनातल्या मनात एक शिवी दिली.

ओसियां मागे पडलं तशी हवा बदलली. काच खाली केली तर तव्यावरची वाफ तोंडावर यावी तशी लू आत येत होती. बाहेर काही नव्हतं, आणि ते काही नसणं मैलोगणती होतं. बुईची खुरटी आणि आकाची वाळलेली झुडपं, मध्येच रस्त्यावर पसरलेली वाळूची जीभ. लोक हे बघायला येतात, उंटावर बसून फोटो काढतात, आणि आपल्या मातीचा वास आला म्हणतात. तिला कसलाही वास येत नव्हता. ही भूमी कुणाची आई वगैरे नव्हती. हिने तिच्या पणजीला बाळंतपणात घेतलं, आजोबांच्या दोन काकांना संवत छप्पनच्या दुष्काळाच्या गोष्टींपुरतं ठेवलं, आणि उरलेल्यांना हाकलून दिलं. नऊ वर्षांची इचरज गाव सोडून उंटगाडीत बसून फलोदीच्या स्टेशनाकडे निघाली तेव्हा कडेवर तीन वर्षांचा जुगल होता, नुकतंच मुंडण झालेला, डोक्याला हळद लावलेला. त्याचं जडूला याच थानावर झालं होतं. तेव्हा ओटी पसरून बापूजींची बहीण बसली होती, पेंपी भुआ, तंबाखू खाणारी, घोड्यासारखी हसणारी. केस ओटीत पडले, थानाचा पुजारी भोपा म्हणाला माग नेग, तुझ्या मानाची भेट, भुआ नेग घेतल्याशिवाय उठत नाही. पेंपी भुआ म्हणाली उंट दे. बापूजी म्हणाले, तुझ्या नवऱ्याला दिला तोच परत कर आधी. सगळे हसले. शेवटी एका कालवडीवर ती उठली, आणि उठताना केसांची पुरचुंडी इचरजच्या नाकाशी धरून म्हणाली, "नीट बघून ठेव गं. उद्या याच्या पोराला तुलाच बसायचंय. कालवडीवर उठू नकोस, म्हैस माग." अडतीस वर्षं तिने ते बघून ठेवलं होतं. जुगलला हे आठवत नसणार. त्याला फक्त भोकाड आठवत असेल.

गाव एक कोस राहिलं असताना जुगलने गाडी हळू केली. "बाई, ओढणी घे. तोंडावरून. नीट, खाली."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मी? इथे? मी काय या गावची सून आहे?"

"तसं नाही."

"मग कसं? रेणूने घ्यावा घुंघट. मुलीने माहेरात तोंड झाकलेलं कुणी पाहिलंय? आईने चामडी सोलली असती."

"आता दिवस ते राहिलेत का? कंपनीची माणसं फिरतात. बिहारी, तेलंगी. कुणाची नजर कशी सांगता येते?" तो आरशात तिच्याकडे बघत नव्हता. रेणू म्हणाली, "एवढंसं ऐका ना. पोराचं काम आहे." आणि मग हलक्या आवाजात, "दोनदा झटके आलेत त्याला. केस राहिले म्हणून. मातेला नवस बोलून बसले होते मी, सख्ख्या भुआच्या ओटीत घालीन म्हणून." तिने हरूच्या वेण्या धरून ठेवल्या होत्या, जणू कुणी ओढून नेईल. रेणूबद्दल इचरजच्या मनात आजवर दार उघडून उंबऱ्यात उभी राहिलेली बाई एवढंच चित्र होतं. ते चित्र आता या बाईशी जुळेना. पोराचं काम आहे म्हटल्यावर काय बोलणार? पहिल्याच तासाला तंटा नको म्हणून तिने ओढणी ओढून घेतली. जग केशरी झालं. ते तसं झाल्यावर तिला खूप लवकर कळलं की काहीतरी वाईट चाललंय, पण काय ते कळलं नाही.

गाव होतं तिथेच होतं. फक्त उगवतीला, जिथे बापूजींची वाळू होती, चार बोरी आणि दोन सरडे होते, तिथे आता नजर पोचेल तिथवर सौर विजेच्या काळ्या-निळ्या काचा उन्हाकडे तोंड करून रांगेत उभ्या होत्या. तारेचं कुंपण, पहारेकऱ्याची टपरी. तिने ओढणीतूनच ते पाहिलं. म्हणजे कागद हवाय तो याच्यासाठी, ती मनाशी म्हणाली, आणि पर्समधले चष्मे चाचपले. येऊ दे कागद.

थान गावाबाहेर खेजडीच्या झाडाखाली होतं. भोपा यायला वेळ होता, न्हावी दुसऱ्या ढाणीवरून, रानातल्या वस्तीवरून आणायचा होता. आखातीजेचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस, चार घरी चार कामं. जुगलने तिला धापूकाकींच्या ओसरीत सोडलं. धापूकाकी म्हणजे जुनी शेजारीण. इचरजच्या आईबरोबर टांक्यावरून, पावसाच्या पाण्याच्या हौदावरून पाणी आणणारी, आईच्या आजारपणात तिची वेणी घालणारी. आता ऐंशीची, सुकून खारकेएवढी झालेली, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. इचरज तिच्या गळ्यात पडायला पुढे झाली तोच जुगल मध्ये आला. "काकी, ही कमला. कलकत्त्याची. हिला मी धरमबहीण मानलंय, ओटीला हीच बसेल. आपली बोली हिला फारशी येत नाही हां." आणि वळताना तिचं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी रुतली. "नंतर सांगतो," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "हात जोडतो. गप्प राहा." गाडी गेली. धूळ बराच वेळ बसली नाही.

कमला. धरमबहीण. तिला आधी हसूच आलं. भावाला बहिणीची लाज वाटते की काय, हावड्याच्या भाड्याच्या घरात राहणारी म्हणून? धापूकाकीने तिला खाटेवर बसवलं, वाडग्यात बाजरीचा खीच आणि वरून गुळाची पातळ गळवाणी वाढली, आणि म्हातारी माणसं अर्धवट भाषा कळणाऱ्यांशी बोलतात तशी मोठ्याने, सावकाश, जवळजवळ स्वतःशीच बोलू लागली. "खा पोरी. बरं केलंस आलीस. सख्खी असती तर तुला कशाला एवढा त्रास? पण देवाने तिला नेलं."

इचरजचा घास हातातच राहिला. "हं?"

"त्याची मोठी बहीण गं. इचरज. पाच वर्षं झाली. तापाने गेली म्हणे, दोन दिवसांत. इथे कळवायला जुगल स्वतः आला होता. काय सांगू, आम्ही सगळ्या बायका टांक्यावर जाऊन डोक्यावरून न्हालो. माहेरची लेक, मग काय, सुतक गावालाच. मी बारा दिवस मीठ नाही खाल्लं. बारा दिवस! माझ्या सुनेला विचार. ती म्हणाली, सासूबाई, कलकत्त्यात मेलीय ती, इथे कशाला? मी म्हटलं, गप ए, तुला काय कळतंय, तिची नाळ पुरलीय त्या भिंतीखाली." म्हातारीने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "चांगली होती. आगाऊ होती. सारखं हे का न् ते का. एकदा टांक्याच्या आगोरावर, पावसाचं पाणी गोळा होतं त्या अंगणावर, चपला घालून गेली, पाणी बाटतं गं, तर बापाने असा धोपटलाय. तर म्हणते कशी, मग शेळ्यांच्या खुरांचं काय? आणि या जुगल्याला कडेवर घेऊन हिंडायची, कंबर वाकडी झाली तरी. गेली बापडी. चांगली माणसं राहत नाहीत."

आगोर, चपला, धोपटणं, सगळं खरं होतं. तिने वाडगा खाली ठेवला. ओढणीच्या आत घामाने अंग निथळत होतं. आपल्यासाठी कुणीतरी बारा दिवस मीठ खाल्लं नव्हतं. कुठे, कधी, कुणाच्या घरी? त्या बारा दिवसांत ती हावड्यात काय करत होती? पेपर तपासत असेल. मासळीवाल्याच्या गाडीवर नाक दाबत असेल. खारवलेलं लिंबू चाटत असेल. तिला त्या मेलेल्या इचरजचा हेवा वाटला. तिला माहेर होतं.

"आणि कागदावर?" तिने विचारलं. मोडक्या हिंदीत, परकी वाटावी म्हणून.

"कागदावर काय! बहीण मेली म्हटल्यावर एकट्याचंच नाव लागलं. माझा भंवरू साक्षीला होता, अंगठा दिला त्याने, की बाई वारली, आम्ही न्हालो, साऱ्या गावाला ठाऊक. तेव्हा कुठे कंपनीने काचा पेरल्या. त्यात पाप काय? मेलेल्याला काय करायची जमीन? पण रडला हो जुगल. त्या दिवशी इथेच, या खाटेवर. अगदी लहान पोरासारखा, शेंबूड येईपर्यंत. मी पदराने पुसला. म्हटलं, एवढा जीव होता बहिणीवर."

याच खाटेवर. तिने नकळत खाटेच्या दोरीवरून हात फिरवला. म्हणजे कागद यायचाच नव्हता. दोन चष्मे, दोन दिवस घासून घासून धारदार केलेली उत्तरं, सगळं वाया. तिच्या सहीची गरजच राहिली नव्हती. मेलेली माणसं सही करत नाहीत. आणि मग हे उलटलं. पाच वर्षांपूर्वी हरू कुठे होता? मूल होण्याची आशा सोडून दिली होती त्यांनी. बहिणीला मारताना उद्या हिची ओटी लागेल हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. मग मूल झालं, झटके आले, नवस आठवला. माता काही पटवारी नव्हे, तिला अंगठा चालत नाही, तिला सख्खीच हवी. म्हणून मातेला खरी बहीण आणि गावाला खोटी. म्हणून ओढणी. म्हणून ती गाडी हळू झाली. केवढी अक्कल लढवलीय, तिच्या मनात आलं, आणि याला मी सातचा पाढा शिकवताना तीन महिने गेले होते. राग यायला हवा होता, आणि आला, घशापर्यंत, आंबट. पण रागाच्याही मध्ये एक कुसळ राहिलं होतं, ते निघेना. रडला कशाला? अंगठा मिळवायला तेवढं रडायची गरज नव्हती. उदास चेहऱ्याने दोन घोट पाणी प्यालं तरी भागलं असतं. शेंबूड येईपर्यंत कोण रडतं खोट्याने? की खोट्याने सुरू केलं आणि मध्येच खरं झालं? जिवंत बहिणीसाठी आठ वर्षांत एक फोन न करणारा माणूस मेलेल्या बहिणीसाठी रडला, आणि ती बहीण मी आहे. दोन्ही मीच आहे. याचं उत्तर मिळाल्याशिवाय इथून जायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. बाकी काहीच ठरवलं नाही.

खेजडीखाली वीसेक माणसं जमली होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, मध्ये शेंदूर फासलेला दगड. वर पानं अशी की सावलीलाही भोकं होती. बायका मातेचं गाणं म्हणत होत्या, धापूकाकीचा आवाज सगळ्यांच्या पुढे एक मात्रा. जुगलने आल्या आल्या तिच्याकडे बघितलं; ओढणीतून त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला त्याचं दिसत होतं. चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. इचरज दगडापुढे बसली, ओटी पसरली. रेणूने हरूला समोर बसवून दोन्ही हात धरले. न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवला आणि उजवीकडची वेणी सोडली.

पहिली बट ओटीत पडली तेव्हा ती दचकली, इतकी हलकी होती. मऊ, थोडी तेलकट, बेबी साबणाचा वास असलेली. जुगलच्या केसांनाही असाच वास होता, साबणाचा नव्हे, दुधाचा. हरूने भोकाड पसरलं. बट पडत राहिली, काळी, मग आतली तपकिरी. उजवी बाजू उघडी झाली, कानामागे एक तीळ निघाला. तो तीळ बापूजींना होता. न्हावी थांबला, कारण इथे थांबायची रीत. भोप्याने धूप फिरवला आणि म्हणाला, "भुआ, मातेला नाव सांग. कोणाची कोण, तीनदा सांग. मग डावी बाजू."

"कमला," जुगल घाईने म्हणाला. "माझी धरमबहीण. कमला."

"तुला विचारलं का? ओटी तिची आहे. ती बोलेल."

सगळे थांबले. हरूसुद्धा हुंदका गिळून थांबला आणि ओढणीखाली डोकावून बघायला लागला. मुलांना झाकलेलं तोंड सहन होत नाही. तिला आतून काही मोठं वाटलं नाही. फक्त उकडत होतं, आणि हा पोरगा एवढा वाकला तर वस्तरा लागेल असं वाटलं. तिने दोन्ही हातांनी ओढणी मागे सारली, डोक्यावरून, खांद्यावर, माहेरच्या मुली घेतात तशी.

"इचरज," ती म्हणाली. आपल्या बोलीत, मोठ्याने. "रतनलालची लेक. जुगलची सख्खी बहीण. इचरज, रतनलालची लेक. इचरज."

गाणं थांबलंच होतं. कुणीतरी बाई "राम राम राम" करत मागे सरली. भंवरू, साक्षीदार, उठून उभा राहिला आणि का उठलो हे विसरून तसाच राहिला. धापूकाकी तेवढी पुढे आली. तिने आधी इचरजच्या पायांकडे पाहिलं. पाय सुलटे आहेत, वाळूत त्यांचे ठसे उमटलेत, हे नीट बघून घेतलं. मग तोंडाकडे. मग फाडकन तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेली! मेली तू! बारा दिवस मीठ नाही खाल्लं मी!" आणि तिला मिठी मारून ओरडून रडायला लागली. ओटीतले केस सांडू नयेत म्हणून इचरजला तिला नीट धरताही येईना.

"बाई," जुगल म्हणाला. तोच शब्द, फोनवरचा. तो गुडघ्यांवर आला होता, आवाज फक्त तिला ऐकू जाईल एवढा. "ओढणी घे. सांग, चेष्टा केली. सगळं तुझ्या नावे करतो. कंपनी, पोलीस... मी संपेन, बाई." रेणूने पोराचे हात सोडले नव्हते, आणि अर्धं मुंडलेलं पोर तिच्या हातांत होतं. तिच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती, डावी बाजू.

भोपा जुना माणूस होता. जमिनी, कागद, काचा यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याने खाकरून गळा साफ केला. "नाव लागलं. सख्खी आहे, उत्तम आहे. आता भावाने विचारायचं. विचार रे, काय नेग हवा? नेगाशिवाय भुआ उठत नाही आणि पोर पुरं होत नाही."

जुगल गुडघ्यांवरच मागे सरकला. कोणीतरी मागून कुजबुजलं, आता मागेल सगळं, काचांसकट. त्याने मान खाली घातली. टकलावर उन्हाचा एक तुकडा पडला होता. "माग," तो म्हणाला.

"तू इथे रडला होतास म्हणे. काकींच्या खाटेवर. मी मेले म्हणून."

त्याने टकलावरचा घाम पुसला.

"खरं रडला होतास?"

"रडला, मी पाहिलाय," धापूकाकी नाक ओढत म्हणाली. "शेंबूड पुसलाय मी याचा."

"काकी, तुम्ही थांबा. जुगल, खरं रडलास?"

त्याने वर पाहिलं. गावासमोर हो म्हणावं की नाही म्हणावं, कशाने वाचू, याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत चालू होता. तिने तो ओळीन् ओळ वाचला, बिनचष्म्याने. आणि हिशेबाच्या मागे, खूप मागे, आणखी काहीतरी होतं, ते वर येत होतं आणि पुन्हा बुडत होतं. "हो," तो म्हणाला.

"मग हास."

"काय?"

"मेली म्हणून रडलास. आता जिवंत निघाले. बहीण जिवंत निघाली की माणूस हसतो. जमीन नको, म्हैस नको. नेग म्हणून मला तेवढं दे. हास."

वीस माणसं जुगलच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे ओठ ताणले गेले, दात दिसले, गाल थरथरले. प्रयत्न त्याने मनापासून केला. रेणू मागून म्हणाली, "हसा हो, हसा ना, पोराकडे बघा," आणि ती स्वतःच रडायला लागली. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. हसू काही आलं नाही.

इचरजने थोडा वेळ वाट बघितली. मग ओटीतले केस एकत्र केले, बोटाने एक बट हरूच्या मानेवरून उचलून त्यांत टाकली, आणि न्हाव्याला म्हणाली, "तू कर डावी बाजू. पोराला ऊन लागतंय. मी बसते, याला जमेपर्यंत."